घटक ५ : भिन्न फ्रेम-दरांच्या चित्रफितींचे संकलन आणि रेंडरिंग

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला फ्रेम-दर म्हणजे काय आणि निरनिराळे फ्रेम-दर कसे रूढ झाले, हे सांगता येईल. वेगवेगळ्या दरांच्या चित्रफिती एकत्र आणताना चित्र, ध्वनी आणि लय यांवर होणारे परिणाम ओळखता येतील. आणि आपल्या प्रकल्पातील प्रत्येक तुकड्यासाठी रूपांतराची व रेंडरिंगची योग्य पद्धत कारणे देऊन निवडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोकसाहित्याचे क्षेत्रीय ध्वनिचित्रमुद्रण करून घरी परतल्यावर संकलनाचे काम सुरू होते. त्यातील एका तांत्रिक वाटणाऱ्या, पण आशयाला थेट भिडणाऱ्या भागाचा विचार या घटकात करायचा आहे.

समजा, तुम्ही जात्यावरच्या ओव्या हा प्रकल्पाचा विषय घेतला आहे. एका आजींची मुलाखत तुम्ही कॅमेऱ्यावर, सेकंदाला २५ फ्रेम या दराने घेतली. पुढे त्या जात्यावर बसल्या, गाऊ लागल्या आणि नेमकी कॅमेऱ्याची बॅटरी संपली. म्हणून दळणाचे चित्रीकरण मोबाइलवर, ३० फ्रेम या दराने झाले. घरातल्या कपाटात लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट सापडली. तिच्यात घाणा भरतानाच्या ओव्या आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या नातीने आजीच्या आठवणी सांगणारी चित्रफीत पाठवली, ती २९.९७ फ्रेमची निघाली.

हे चारही तुकडे एका टाइमलाइनवर ठेवले, तर संगणक तक्रार करत नाही. तो काही फ्रेम गाळतो, काही दोनदा दाखवतो आणि सर्व तुकड्यांना एका दरात बसवतो. त्याने नेमके काय केले, हे तो आपणहून सांगत नाही. या मूक तडजोडीची जबाबदारी संकलकाने स्वतःकडे घ्यावी लागते, कारण तडजोड होते ती काळाशी. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. तो फेरा अडखळला, लांबला किंवा आखूड झाला, तर प्रेक्षकासमोर जाते ती त्या आजींची ओवी राहत नाही.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ दर वेगवेगळे का झाले?

चलच्चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि दर सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या फ्रेमच्या संख्येला फ्रेम-दर. येथे एक भेद लक्षात ठेवावा. चित्रीकरणाचा दर एक असतो आणि प्रदर्शनाचा दर दुसरा असू शकतो. हे दोन दर जुळले नाहीत की पडद्यावरचा काळ बदलतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची महिनाभराहून अधिक काळातील वाढ टिपून ती एका मिनिटाहून थोड्या अधिक लांबीच्या पटात दाखवली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लघुपटात दोन दरांतील तफावत हेच कलेचे साधन होते. हीच तफावत नकळत राहिली, तर मात्र दोष ठरते. मूकपटांच्या काळातील कॅमेरे बहुधा हाताने फिरवले जात आणि वेग सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेमच्या आसपास, पण कमीअधिक असे. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. म्हणजे १,००० फुटांच्या फितीत १६,००० फ्रेम झाल्या. त्या १६ च्या दराने दाखवल्या तर १६ मिनिटे ४० सेकंद चालतील. २४ च्या दराने दाखवल्या तर सुमारे ११ मिनिटे ७ सेकंदांतच संपतील. जुन्या मूकपटांतील माणसे लगबगीने, तुरुतुरु चालताना दिसतात, याचे मुख्य कारण हे आहे. त्या काळची माणसे तशी चालत नव्हती.

ध्वनी आल्यावर वेगाची ही मोकळीक संपली. ध्वनिपट्टी चित्राबरोबर त्याच फितीवर आली की वेगातील चढउतार कानाला लगेच कळतो. त्यामुळे १९२० च्या दशकाच्या अखेरीस २४ फ्रेम हा दर स्थिरावला आणि १९३२ मधील ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटाच्या वेळी तो रूढ होता. दूरचित्रवाणीने आपला दर विजेच्या प्रवाहाशी जुळवला. अमेरिकेत वीजपुरवठा ६० हर्ट्‌झचा असल्याने तेथे ३०, तर युरोपात आणि भारतात तो ५० हर्ट्‌झचा असल्याने २५ फ्रेम हा दर आला. १९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत प्रक्षेपणाची पद्धत स्वीकारली, तेव्हा रंग आणि ध्वनी यांच्या लहरींचा एकमेकींना होणारा अडथळा टाळण्यासाठी ३० चा दर किंचित कमी करून २९.९७ करण्यात आला. नातीच्या चित्रफितीवर दिसणारा तो अपूर्णांक सत्तर वर्षांपूर्वीच्या या तडजोडीचा अवशेष आहे.

या अपूर्णांकाविषयी विद्यार्थ्यांचा एक गैरसमज वारंवार आढळतो, तो येथेच दूर करू. २९.९७ च्या टाइमलाइनवर ‘ड्रॉप फ्रेम’ असा पर्याय असतो. त्यात फ्रेम गाळल्या जात नाहीत, केवळ फ्रेमचे क्रमांक गाळले जातात. तासाला १०८ क्रमांक वगळले की टाइमकोड घड्याळाशी जुळतो. चित्र जसेच्या तसे राहते.

५.२.२ टाइमलाइनचा दर कोणता ठेवावा?

संकलनाला आरंभ करण्यापूर्वी हा निर्णय घ्यावा. काही संकलन-प्रणालींत तो नंतर बदलता येत नाही, आणि ज्यांत बदलता येतो त्यांतही आधी केलेले कट एखाद्या फ्रेमने सरकण्याची भीती असते. अनेक प्रणाली टाइमलाइनवर टाकलेल्या पहिल्या तुकड्याचा दर संपूर्ण प्रकल्पाला लावू पाहतात. शीर्षकाच्या दृश्यासाठी कोणाकडून घेतलेला ६० फ्रेमचा ड्रोनचा तुकडा तुम्ही सर्वांत आधी टाकलात, तर पूर्ण माहितीपट ६० चा होऊन बसेल.

सर्वसाधारण नियम असा सांगितला जातो की, ज्या दराचे चित्रीकरण अधिक, तो दर टाइमलाइनला द्यावा. हा नियम उपयुक्त आहे, पण पुरेसा नाही. ज्या तुकड्याला धक्का लागलेला चालणार नाही, त्याचा दर आधी पाहावा, असे आमचे मत आहे. आपल्या उदाहरणात मुलाखत दोन तासांची आणि दळणाचे दृश्य अकरा मिनिटांचे असले, तरी माहितीपटाचा प्राण त्या अकरा मिनिटांत आहे. बोलणाऱ्या चेहऱ्याच्या स्थिर दृश्यात हालचाल थोडी असते, त्यामुळे तेथे रूपांतराची खूण सहसा दिसत नाही. फिरणाऱ्या जात्यावर ती लगेच दिसते. म्हणून माहितीपट केवळ संगणकावर किंवा वर्गात दाखवायचा असेल, तर ३० ची टाइमलाइन घेऊन मुलाखतीचे रूपांतर करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. तो भारतीय दूरचित्रवाणीसाठी द्यायचा असेल, तर मात्र २५ ची अट पाळावीच लागेल. ‘सिनेमासारखे दिसते’ एवढ्याच कारणासाठी २४ निवडण्याचा मोह टाळावा. एकही तुकडा २४ चा नसताना तसे केले, तर प्रत्येक तुकड्याचे रूपांतर ओढवून घेतले जाते.

५.२.३ रूपांतराच्या चार वाटा

३० चा तुकडा २५ च्या टाइमलाइनवर आणायचा झाला, तर पुढील वाटा उपलब्ध असतात.

पहिली वाट फ्रेम गाळण्याची. प्रणालींमध्ये हिला ‘फ्रेम सॅम्पलिंग’ किंवा ‘निअरेस्ट’ असे नाव असते. दर सहा फ्रेममागे एक गाळली जाते, म्हणजे सेकंदाला पाच वेळा हालचालीत बारीकशी उडी पडते. उलट २५ चा तुकडा ३० वर नेला, तर दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दिसते. तुकड्याची एकूण लांबी बदलत नाही, ध्वनीला स्पर्श होत नाही आणि पडद्यावर येणारी प्रत्येक फ्रेम कॅमेऱ्याने खरोखर टिपलेली असते. कॅमेरा संथपणे एका बाजूकडून दुसरीकडे वळत असेल, तर ही उडी खटकते. मुलाखतीसाठी मात्र हीच वाट बहुतेक वेळा उत्तम असते; ती ‘कच्ची’ आहे असे समजून टाळण्याचे कारण नाही. ५० चा तुकडा २५ वर आणताना तर एकाआड एक फ्रेम गळते, उडी समान अंतराने पडते आणि डोळ्याला काहीच जाणवत नाही. ६० चा तुकडा २५ वर आणताना हा भाग्ययोग नसतो. तेथे कधी दोन तर कधी तीन फ्रेमचे अंतर पडते आणि चाल विस्कळीत होते.

दुसरी वाट मिसळण्याची, म्हणजे ‘फ्रेम ब्लेंडिंग’. येथे शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींवर अर्धपारदर्शक ठेवून मधली फ्रेम तयार करतात. उडी मऊ होते, पण हलत्या वस्तूला सावलीसारखी दुसरी कड येते. धूर, पाणी, ढग, वाऱ्यावर डोलणारे शेत यांना ती शोभून जाते. चेहरा आणि अक्षरे यांना ती मानवत नाही. दळणाऱ्या हाताला दोन मनगटे दिसू लागली की प्रेक्षकाचे लक्ष ओवीवरून उडते.

तिसरी वाट आज सर्वांत आकर्षक मानली जाते. ‘ऑप्टिकल फ्लो’ या पद्धतीत संगणक एका फ्रेममधील प्रत्येक भाग पुढच्या फ्रेममध्ये कोठे गेला, याचा अंदाज बांधतो आणि मधल्या क्षणाचे नवे चित्र घडवतो. अंदाज बरोबर निघाला, तर हालचाल लोण्यासारखी होते. तो चुकतो तो एक वस्तू दुसऱ्या वस्तूआड जाते तेथे. जात्याचा खुंटा आजींच्या पदरासमोरून जातो, बांगड्या एकमेकींवर आदळतात, मुठीतले धान्य जात्याच्या तोंडात पडते, अशा ठिकाणी पदराचा काठ वितळल्यासारखा होतो किंवा बांगडी क्षणभर कातडीत मिसळते. दुर्दैवाने आपल्या दृश्यात नेमक्या याच गोष्टी आहेत.

येथे एक प्रश्न सौंदर्याच्या पलीकडचा आहे. अशा रीतीने घडवलेली फ्रेम कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेली नसते. पीटर जॅक्सन यांनी ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ या २०१८ च्या माहितीपटात पहिल्या महायुद्धातील चित्रीकरणाचे निरनिराळे संथ दर २४ वर आणले. त्यासाठी मधल्या फ्रेम संगणकाकडून घडवून घेतल्या आणि चित्रांना रंगही दिला. सैनिक माणसांसारखे चालू लागले, हा त्याचा मोठा लाभ आणि तो नाकारता येत नाही. तथापि, मूळ फिती संग्रहात सुरक्षित असल्यामुळेच हे धाडस निर्धोक होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या, त्या पुढच्या अभ्यासकांना विश्वासाने वापरता याव्यात म्हणून. तुमचे मुद्रण कितीही लहान असले, तरी ते त्याच जातीचे साहित्य आहे. हाताची पकड कशी होती, धान्य कोणत्या ओळीला टाकले, हे उद्या कोणी तुमच्या चित्रफितीतून तपासू लागले, तर त्याला संगणकाचा अंदाज हाती लागता कामा नये.

चौथी वाट वेग बदलण्याची. एकही फ्रेम न गाळता आणि न वाढवता ३० चा तुकडा सरळ २५ च्या दराने चालवायचा. चित्र निर्दोष राहते, पण दहा मिनिटांचे दृश्य बारा मिनिटांचे होते. पाणवठा, पायवाट, उडणारी धूळ अशा ध्वनीविना वापरायच्या दृश्यांना हा किंचित संथपणा खुलवतो. गाण्यासाठी मात्र ही वाट बंद समजावी. २४ ते २५ एवढा अल्प बदलही निरुपद्रवी नसतो. ५० हर्ट्‌झच्या देशांतील दूरचित्रवाणीवर चित्रपट वर्षानुवर्षे असेच सुमारे चार टक्के वेगाने दाखवले गेले. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे. त्यात आवाजाची पट्टीही चढते. काळी एकमध्ये गाणारी स्त्री जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाते आहे, असे भासेल. पट्टी न बदलता वेग बदलण्याची सोय आज प्रणालींत असते. परंतु तिने पट्टी सावरली, तरी लय बदललेलीच राहते.

मग दळणाच्या दृश्याचे काय करावे? २५ ची टाइमलाइन अनिवार्य असेल, तर फ्रेम गाळण्याची वाट घ्यावी आणि बारीक उडी सहन करावी, असे आम्ही सुचवू. दळणाचे दृश्य थोडे खडबडीत दिसले, तरी त्यात प्रेक्षकाची फसवणूक होत नाही.

५.२.४ मोबाइल आणि व्हीएचएस

मोबाइलवर ‘३०’ असे लिहिलेले असले, तरी तो दर स्थिर असेलच असे नाही. प्रकाश कमी झाला किंवा यंत्र तापले की अनेक मोबाइल फ्रेम कमी टिपतात. याला अस्थिर फ्रेम-दर म्हणतात. स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील जाते हे त्याचे माहेरघरच म्हणावे लागेल! ध्वनी मात्र त्याच वेळी स्थिर गतीने मुद्रित होत राहतो. समजा, वीस मिनिटांच्या मुद्रणात प्रत्यक्ष सरासरी २९.७ फ्रेम भरली आणि संकलन-प्रणालीने ती ३० मानली. एकूण ३५,६४० फ्रेम ३० च्या दराने १,१८८ सेकंदांत संपतील. ध्वनी १,२०० सेकंदांचा असेल. अखेरीस ओठ आवाजाच्या बारा सेकंद पुढे गेलेले असतील. आरंभी सर्व जुळलेले दिसते, म्हणून हा दोष बहुधा शेवटच्या पाहणीत ध्यानात येतो.

उपाय सोपा आहे. मोबाइलची चित्रफीत संकलनास घेण्यापूर्वी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर यांसारख्या विनामूल्य प्रणालीतून स्थिर दरात रूपांतरित करावी. या टप्प्यावर दर ३० चाच ठेवावा. २५ वर आणण्याचा निर्णय तुकड्यागणिक वेगळा असू शकतो. तो येथे घाऊक घेऊन टाकू नये. रूपांतरानंतर आरंभ, मध्य आणि शेवट या तीन ठिकाणी ओठ व आवाज यांचा मेळ तपासावा. मुद्रणाच्या सुरुवातीला आणि अखेरीस कॅमेऱ्यासमोर एकेकदा टाळी वाजवण्याची सवय येथे उपयोगी पडते.

मोबाइलच्या दृश्यात काळसर आडवे पट्टे सरकताना दिसले, तर तो दोष फ्रेम-दराच्या रूपांतराचा नाही. आपल्याकडील ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. चित्रीकरणाच्या वेळी शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले असते, तर पट्टे टळले असते. संकलनात ते पूर्णपणे काढणे कठीण असते.

व्हीएचएसचा प्रकार निराळा. तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन क्षेत्रांत विभागलेली असते: आधी एकाआड एक ओळींचे एक क्षेत्र, मग उरलेल्या ओळींचे दुसरे. ही दोन क्षेत्रे वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असल्याने संगणकावर हलत्या वस्तूच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. ‘डीइंटरलेस’ करून ते घालवावेत आणि हे काम चित्राचा आकार बदलण्याच्या आधी करावे. आकार आधी बदलला, तर दाते चित्रात कायमचे विरघळतात.

५.२.५ रेंडरिंगचे निर्णय

रेंडर करणे म्हणजे टाइमलाइनवर दिलेल्या सूचनांची प्रत्यक्ष फ्रेममध्ये परिणती करणे. संकलन चालू असताना दिसते ती बहुधा तात्पुरती झलक असते. काही प्रणालींत ‘ऑप्टिकल फ्लो’ निवडले, तरी तो भाग रेंडर होईपर्यंत साधे सॅम्पलिंगच दिसते. त्यामुळे वितळलेला पदर अंतिम प्रतीत प्रथम दिसण्याची नामुष्की येऊ शकते. ज्या तुकड्याचा दर बदलला आहे, तेवढा भाग रेंडर करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चित्र अडखळत असेल, तर दोष दराचा की दुबळ्या संगणकाचा, हे ओळखण्याचीही हीच रीत आहे. तो भाग रेंडर करा आणि बाणाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. ठरावीक अंतराने उडी किंवा पुनरावृत्ती दिसली, तर कारण दर हे आहे. फ्रेम सुरळीत पुढे जात असतील आणि केवळ चालवताना अडखळत असतील, तर संगणकाला भार पेलत नाही. मोबाइलच्या एच.२६४ सारख्या फायलींत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. आधीच्या-नंतरच्या फ्रेमपासूनचा फरकच साठवलेला असतो, आणि तो उलगडताना संगणक दमतो. अशा वेळी हलक्या प्रॉक्सी प्रती करून संकलन करावे.

अंतिम प्रत टाइमलाइनच्याच दराने काढावी, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ३० चे दृश्य २५ च्या टाइमलाइनवर आणले आणि अंतिम प्रत ३० ची काढली, तर पहिल्या वेळी गळालेली सहावी फ्रेम परत येत नाही. तिच्या जागी शेजारची फ्रेम दोनदा उभी राहते. एका रूपांतराचा धक्का कदाचित लपला असता. दुसऱ्याने तो उघड होतो.

प्रती दोन काढाव्यात. एक मूळ अंतिम प्रत, प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या जातीची, जिच्यातून पुढे हव्या तितक्या प्रती काढता येतील. दुसरी वितरणाची, एच.२६४ मधील. तिचा आकार आधी गणिताने काढता येतो: सेकंदाला १० मेगाबिट या बिटरेटने दहा मिनिटांच्या माहितीपटाचे ६,००० मेगाबिट, म्हणजे ध्वनी सोडून सुमारे ७५० मेगाबाइट होतात. जात्याभोवती उडणारे पीठ हे दिसायला साधे, पण साठवायला अवघड चित्र आहे. बिटरेट फार कमी ठेवला तर पिठाचे चौकोनी ठिपके होतात.

दळणाचे मूळ मोबाइल मुद्रण, स्थिर दरात आणण्यापूर्वीचे, वेगळे जपून ठेवावे. त्यासोबत एका कागदावर मुद्रणाचा दिनांक, मूळ दर, रूपांतराची पद्धत आणि कोणत्या भागात फ्रेम गाळल्या किंवा घडवल्या याची नोंद करावी. प्रकल्पाच्या अहवालात ही नोंद परिशिष्ट म्हणून जोडणे अपेक्षित आहे.

५.३ स्वाध्याय

१. २४ फ्रेमचा तुकडा २५ च्या टाइमलाइनवर आणण्याच्या दोन पद्धती सांगा. त्यांपैकी भारूडाच्या सादरीकरणासाठी तुम्ही कोणती निवडाल? कारणे द्या.

२. ‘संगणकाने घडवलेली मधली फ्रेम माहितीपटात वापरावी का?’ या प्रश्नावर सुमारे २५० शब्दांत आपले मत मांडा. लोकसाहित्याचा अभ्यासक आणि सामान्य प्रेक्षक या दोघांच्या दृष्टीने विचार करा.

३. प्रात्यक्षिक : घरातील कोणी ताक घुसळत, पोळ्या लाटत किंवा विणकाम करत असताना मोबाइलवर ३० फ्रेमच्या दराने दोन मिनिटांचे मुद्रण करा. आरंभी व शेवटी टाळी वाजवा. तोच तुकडा २५ च्या टाइमलाइनवर सॅम्पलिंग, ब्लेंडिंग आणि ऑप्टिकल फ्लो अशा तीन पद्धतींनी रेंडर करा. ज्यांचे हात तुम्ही टिपले आहेत त्यांनाच तिन्ही प्रती दाखवा आणि त्यांतील कोणते हात त्यांना आपले वाटतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.